जळगावात रथ चौकाजवळ, पेठेतल्या नव्या इमारतीत फ्लॅट घ्यावा का? बजेट २८ लाख

वाघनगरची_बाई
नमस्कार. मी, हे, सासूबाई (वय ७२) आणि सहावीतली मुलगी. नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली. रथ चौकाजवळच्या गल्लीत वाडा पाडून पाच मजली इमारत झालीय. त्या गल्लीत असे चार वाडे गेले, रस्ता काँक्रीटचा झाला, खाली दुकानं, वर फ्लॅट. पहिल्या मजल्यावरचा रस्त्याकडचा आणि तिसऱ्यावरचा मागचा, असे दोनच उरलेत. दस्तनोंदणीसकट २८ लाख, त्यावर एक रुपया नाही. पाणी, पार्किंग, उन्हाळा कसा? तिथे राहणाऱ्यांनी सांगा.

शिरसोलीरोडकर
पेठेत कशाला जाता ताई? मी २०१९ मध्ये रो हाऊस घेतलं. पुढे अंगण, मागे कढीपत्ता, दोन गाड्या ऐसपैस. आज शेजारचा ५५ मागतोय. थोडं ओढूनताणून ५० पर्यंत जा, कर्ज मिळतं.

पेठेतला_भो
२८ म्हटलंय भो त्यांनी, ५० कुठून आणतील? माझा जन्म पेठेतला. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं आमचं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि आत दुपारी चादर घेऊन झोपायचो. आता त्याच जागेवर फ्लॅटमध्ये राहतो, रात्री एकला भिंतीला हात लावा, गरमच. शेवटचा मजला घेऊ नका. बाकी भाजी, दवाखाना, सराफ बाजार सगळं पायी. आईला रात्री दम लागला तेव्हा डॉक्टर चालत आले. रस्त्याकडचा मात्र नकोच. पहाटेपासून हातगाड्या आणि हॉर्न.

कागद_आधी
छोट्या प्लॉटवर फसगत होते, म्हणून लिहितोय. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर महारेराची (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिथे काही सापडलं नाही तर सगळं स्वतःच तपासावं लागतं. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, वाड्याचे सगळे वारस त्यावर आहेत का बघा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध घ्या. वाड्यात जुने भाडेकरू होते का, त्यांनी जागा सोडल्याचं लेखी आहे का, हे विचारा. मी विचारलं नव्हतं. ताबा मिळाला त्या महिन्यात एक भाडेकरू कोर्टाची नोटीस घेऊन दारात उभा. दोन वर्षं तारखा. आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) शेवटचा हप्ता देऊ नका.

सागवानी_खांब
वाडे पाडले याचं कुणाला काहीच वाटत नाही? आमच्या शेजारच्या वाड्याचे कोरीव खांब ट्रॅक्टरमध्ये रचताना पाहिले, दोन दिवस जेवण गेलं नाही.

पेठेतला_भो
वाटतं ना. पण पावसाळ्यात धाब्यावर माती टाकायला घरात माणूस उरला नव्हता. आत गळायचं, तुळई वाळवीने खाल्लेली. त्यात काय राहणार?

शिरसोलीरोडकर
तेच म्हणतोय, बाहेर या.

दोनचाकी
पार्किंग कागदावर असतं. आमच्याकडे चार गाड्यांच्या जागेवर दुकानदाराने शटर टाकलं. माझी गाडी दोन गल्ल्या सोडून लागते, पाऊस असो की ऊन. विकत घेताना जागेवर नंबर रंगवून घ्या, करारात नकाशा लावा.

पाणी_आलं_का
वाघूर धरणाचं पाणी रोज येत नाही. खालची टाकी किती लिटरची आणि दुकानं त्याच टाकीवर आहेत का, एवढं बघा. आमच्याकडे खालच्या चहावाल्याने अर्धी टाकी संपवली, त्यावरून मिटिंगमध्ये हातघाई झाली. रस्त्याकडचा घेऊ नका, धूळ.

घर_बायकोचं
तुमच्या नावावर घ्या ताई. मुद्रांक शुल्कात महिलेला एक टक्का सवलत आहे. मी बायकोच्या नावावर घेतला, त्या पैशांत स्वयंपाकघराची ट्रॉली झाली.

वाघनगरची_बाई
सगळ्यांचे आभार. सर्च झाला. दोन वारसांची संमती नव्हती, ती बिल्डरने नोंदवून आणली, मगच टोकन दिलं. पार्किंगवर नंबर घातला, टाकी दुकानांची वेगळी आहे. फ्लॅट माझ्या नावावर.

घेतला तो पहिल्या मजल्यावरचा, रस्त्याकडचा. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं, मलाही तिसऱ्याचा पटला होता. सासूबाईंना दोन्ही दाखवले. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघणारा रामाचा रथ त्या लहान असताना याच गल्लीतून बघायच्या, वडिलांच्या खांद्यावर बसून. खिडकीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली बोट दाखवून म्हणाल्या, "इथं वळणावर चाकाखाली लाकडाची मोगरी घालतात, रथ क्षणभर थांबतो. आरतीचं ताट इथूनच धरता येईल." शिवाय लिफ्ट बंद पडली तरी एकच जिना आहे.

खिडकीला जाड काच आणि जाळी बसवायची आहे. पेठेतला चांगला फॅब्रिकेशनवाला कुणाला माहीत आहे का?