लिनक्सचं कोणतं डिस्ट्रो निवडलंत आणि का? अनुभव सांगा

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि माझा धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ला चालेना. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर जायचं हे लगेच ठरलं. कोणत्या लिनक्सवर, म्हणजे त्याच्या कोणत्या तयार प्रकारावर (डिस्ट्रोवर), यात तीन आठवडे गेले. ज्याला विचारावं तो वेगळंच नाव सांगे. शेवटी व्हेंटॉय नावाचं साधन वापरून चार आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइली) एकाच पेनड्राइव्हवर टाकल्या आणि इन्स्टॉल न करता एकेक लाइव्ह चालवून पाहिली. रंगरूपाकडे बघितलंच नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, एवढंच तपासलं. दोन डिस्ट्रोंत झाकण उघडल्यावर स्क्रीन काळीच राहिली. उरलेल्या दोनांतून मिंट घेतलं, कारण मेनू डाव्या कोपऱ्यात होता आणि हाताला तीच सवय होती. तुम्ही कसं निवडलंत? काय फसलं तेही लिहा.

*

मी डेबियनवाली. २०२१मध्ये टाकलं तेव्हा इन्स्टॉलरला वायफाय दिसेना. वायफायसारखे भाग चालवणारं, पण मुक्त (खुल्या कोडचं) नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, असं तेव्हाचं धोरण होतं. फोन यूएसबीने जोडून त्याच्या नेटवर फर्मवेअर उतरवलं. जून २०२३च्या बुकवर्म आवृत्तीपासून ते सोबतच येतं, तेव्हा नव्या लोकांनी त्यासाठी अडून राहू नये. सॉफ्टवेअर जुनं मिळतं ही तक्रार मात्र खरी आहे. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. पण मी प्रबंध लिहीत होते. त्या सगळ्या काळात एकही मेनू जागचा हलला नाही, याचं मोल मला फार वाटतं. एखादं अ‍ॅप नवंच हवं असेल तर तेवढं फ्लॅटपॅकमधून (डिस्ट्रोपासून वेगळी अ‍ॅप मिळायच्या सोयीतून) घेते.

*

शिकायचं असेल तर आर्च, अगदी मनापासून सांगतो. हाताने डिस्कची पार्टिशन पाडली, सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर बसवला, तेव्हा कुठे मशीन सुरू होताना आत काय घडतं ते कळलं. पण आर्चला आवृत्ती अशी नसते, अपडेट येतच राहतात. परीक्षेमुळे तीन महिने मशीन उघडलं नव्हतं. नंतर अपडेट करायला गेलो तर पॅकेजेस खरी आहेत हे दाखवणाऱ्या डिजिटल सह्यांवर एररच एरर. आधी फक्त आर्चलिनक्स-कीरिंग, म्हणजे त्या सह्या तपासायच्या किल्ल्या, अपडेट केलं, मग बाकीचं सुरळीत झालं. क्वचित उघडायच्या मशीनवर असं सतत बदलणारं, म्हणजे रोलिंग, डिस्ट्रो ठेवू नका.

*

रोलिंगच हवं असेल तर ओपनसुसे टम्बलवीड बघा. एका अपडेटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर बसेना, काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. बूट मेनूतून अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट (सिस्टिमची जपून ठेवलेली स्थिती) निवडला, रोलबॅक केलं आणि दहा मिनिटांत कामाला लागलो. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम आणि स्नॅपशॉट घेणारं स्नॅपर तिथे मुळातूनच जोडलेले असतात.

*

सर्व्हरसाठी निवडताना मी आधी सपोर्टची तारीख बघतो आणि मग डिस्ट्रो कोण चालवतं ते. सर्व्हरवर चालणारं सेंटओएस ८ हे डिस्ट्रो २०२९पर्यंत चालेल अशी सगळ्यांची धारणा होती. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की ते २०२१अखेर थांबणार. त्यातूनच त्याच्या जागी अल्मा आणि रॉकी ही डिस्ट्रो उभी राहिली. आम्ही अल्मावर गेलो. तिची स्क्रिप्ट सर्व्हर जागच्या जागी बदलते, तरी आधी एका फालतू मशीनवर दोनदा करून पाहिलं. घरी फेडोरा वापरतो आणि ते मला मनापासून आवडतं, पण एका आवृत्तीला जेमतेम तेरा महिने मिळतात. सर्व्हरला ते परवडत नाही. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ सपोर्टच्या) आवृत्तीला पाच वर्षं मिळतात.

*

आईच्या लॅपटॉपसाठी मी एकच गोष्ट पाहिली: फोनवरून समजावून सांगायचं मला आहे, म्हणजे मी स्वतः वापरते तेच टाकायचं. आमच्या दोघींकडे मिंट, तोच एक्सएफसीई डेस्कटॉप, आयकॉनसुद्धा त्याच जागी. परवा तिचा फोन आला, "अगं, त्या ढालीवर ठिपका आलाय. दाबू का?" मी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याही अपडेटच्या ढालीवर होता. म्हटलं, "दाब, मीपण दाबते."