‘लँडस्केपर्स’ : दिग्दर्शकाची कल्पकता मृतांवर अन्याय करते का?

प्रश्न : रेवा (कर्वेनगर)

विल शार्प यांनी दिग्दर्शित केलेली ‘लँडस्केपर्स’ (२०२१) ही चार भागांची ब्रिटिश मालिका नुकतीच पाहिली. सुझन आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स या दांपत्याने १९९८ च्या मे महिन्यात सुझनच्या आईवडिलांना, म्हणजे पॅट्रिशिया आणि विल्यम विचर्ली यांना, मॅन्सफील्ड येथील त्यांच्याच घराच्या मागच्या बागेत पुरले आणि पुढची पंधरा वर्षे ते हयात असल्याचे भासवून त्यांचे निवृत्तिवेतन उचलले, ही त्यामागची सत्यघटना आहे. ऑलिव्हिया कोलमन आणि डेव्हिड थ्यूलिस यांचा अभिनय अप्रतिमच आहे. मला अस्वस्थ केले ते मांडणीने. चित्र मध्येच कृष्णधवल होते, सेट हा सेट म्हणूनच दिसतो आणि शेवटच्या भागात तर चक्क घोडे-बंदुकांचा वेस्टर्न चित्रपट उभा राहतो. जी दोन माणसे खरोखर मारली गेली, त्यांच्या गोष्टीत एवढी कलाकुसर शोभते का? रंगभूमीशी किंवा कायद्याशी संबंध असलेल्या वाचकांनी आपले मत अवश्य मांडावे.

उत्तर : रंगकर्मी (सदाशिव पेठ)

रेवाताई, या प्रकरणात चित्रपट बाहेरून आणून चिकटवलेला नाही. खुनानंतर हाती आलेल्या पैशांतून या जोडप्याने गॅरी कूपर यांच्यासारख्या हॉलिवूडच्या जुन्या नटांच्या स्वाक्षऱ्या आणि स्मृतिवस्तू विकत घेतल्या. शिवाय सुझन वर्षानुवर्षे फ्रेंच नट जेरार्द देपार्द्यू यांच्या नावाने स्वतःच पत्रे लिहीत राहिली आणि ती खरीच त्यांची आहेत अशी नवऱ्याची समजूत करून देत राहिली. ज्यांनी आपला गुन्हा आणि आपला संसार या दोन्हींवर चित्रपटांचा पडदा ओढून घेतला होता, त्यांची गोष्ट सरळ वास्तववादी पद्धतीने सांगितली असती, तर त्यांच्या मनाचा मोठा भाग प्रेक्षकाला दिसलाच नसता.

तिसरा भाग तर मला अलीकडच्या दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम दिग्दर्शनांपैकी वाटतो. चौकशी करणारे पोलीस खुनाच्या रात्रीच्या शयनगृहात स्वतः शिरतात आणि तोच प्रसंग एकदा आरोपींच्या जबानीप्रमाणे, तर एकदा पोलिसांच्या तर्काप्रमाणे घडतो. आपण पुणेकरांनी ‘घाशीराम कोतवाल’मधील माणसांची भिंत पाहिलेली आहे, नटांची ती रांग क्षणात पाठ फिरवते आणि पुढे काय दिसावे, मागे काय दडावे, हे तीच ठरवते. जे दाखवले जात आहे ते कोणीतरी रचलेले आहे, याचे भान शार्प सुटू देत नाहीत आणि म्हणूनच मला त्यांची मांडणी प्रामाणिक वाटते.

उत्तर : निवृत्त वकील (एरंडवणे)

वरील प्रतिसादातील कलाविचार मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आईने वडिलांना गोळ्या घातल्या आणि नंतर आईच्या बोलण्याने भडकून आपण तिला मारले, असे सुझनचे म्हणणे होते. नॉटिंगहॅमच्या न्यायालयात ज्युरीने ते फेटाळले आणि जून २०१४ मध्ये दोघांनाही खुनाबद्दल जन्मठेप झाली, ज्यात किमान २५ वर्षे तुरुंगात काढणे बंधनकारक आहे. दोन्ही मृतांना प्रत्येकी दोन गोळ्या लागलेल्या होत्या. खुनाच्या वेळी असलेली बँकेची सुट्टी संपताच सुझनने बँकेत जाऊन आईच्या नावे संयुक्त खाते उघडले आणि पुढे नातेवाइकांना मृतांच्या नावाने नाताळची भेटकार्डेही जात राहिली. हा तपशील रूक्ष आहे, परंतु खटल्यात वजन असते ते अशाच तपशिलाला. मालिकेतील सर्वांत सुंदर प्रतिमा मात्र आरोपींच्या स्वप्नांना मिळाल्या आहेत, आणि दिग्दर्शक जितका प्रतिभावान, तितका हा कल प्रेक्षकाच्या लक्षात येणे अवघड होते.

जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या वेळी, १९७६-७७ मध्ये, दिवेलागणीला दारे लावून घेणारे पुणे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्या प्रकरणात दहा जीव गेले. तरीही आज त्याची चर्चा निघाली की बोलणे मारेकऱ्यांकडेच वळते. मारली गेलेली माणसे कशी होती, हे सांगणारे फार थोडे उरले आहेत. विचर्ली दांपत्याचेही तेच झाले आहे, कारण या मालिकेत ते बहुतांशी लेकीच्या आठवणींतून आणि जबानीतूनच दिसतात.

उत्तर : रेवा (कर्वेनगर)

दोघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या भागाबद्दल रंगकर्मींचे म्हणणे मला पटले. गुन्ह्यांवरील नेहमीच्या कार्यक्रमांत घटनेचे जे नाट्यरूपांतर दाखवतात, ते इतके साधे आणि खरे भासते की एकच बाजू सत्य म्हणून मनात बसते; इथे तसे होत नाही. चौथ्या भागातील वेस्टर्नबद्दल मात्र माझा आक्षेप कायम आहे, कारण तिथे क्रिस्टोफरच्या वाट्याला नायकाचा घोडा आणि नायकाचे एकाकीपण येते. एक प्रसंग तरी पॅट्रिशिया विचर्लींच्या नजरेतून रचला असता, तर एवढ्या समर्थ दिग्दर्शकाला तो नक्कीच पेलला असता.