गव्हाणीला दात लावून हवा ओढणारी घोडी: पट्टा बांधावा की चारा बदलावा?

इंदूरजवळ महू रस्त्याला आमचा लहानसा तबेला असून तेथे नऊ वर्षांची एक मारवाडी घोडी आहे. पावसामुळे तिला मोकळे सोडणे बंद झाल्यापासून ती गव्हाणीच्या लाकडी कडेवर पुढचे दात टेकवते, मान ताणते आणि ढेकर दिल्यासारखा आवाज करत हवा आत ओढते. चंदी (दाण्याचा खुराक) संपल्यावर हे सर्वांत जास्त चालते. लीद नेहमीसारखी आहे, विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला ३६ भरते, ताप नाही; मात्र अंग थोडे उतरले आहे आणि वरचे पुढचे दात झिजू लागले आहेत.

घोडीची निगा राखणारे आमचे मोतद्दार तिला हवा ओढता येऊ नये म्हणून गळ्याला घट्ट पट्टा बांधायला सांगतात. त्यांचा अनुभव मोठा आहे, तरीही मला हा उपाय पटत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, पण ते सौम्य करणारी लाळ केवळ चावतानाच सुटते. त्यामुळे दोन वेळा भरपूर चंदी आणि मधले कित्येक तास रिकामी गव्हाण, ही पद्धतच तिच्या पोटाला जाचत असावी. पट्ट्याने फार तर तिचे दात वाचतील.

सध्या तिला दिवसाला चार किलो चंदी आणि तेवढाच गव्हाचा भुसा मिळतो. तिचे वजन अंदाजे ३८० किलो आहे, आणि वजनाच्या किमान दीड टक्का कोरडी वैरण हवी असे धरले, तर भुसा पावणेसहा किलोच्या आसपास जायला हवा. पण भुसा एकदम वाढवला तर आतड्यात गोळा अडकण्याची भीती वाटते. बरसीम हा हिरवा चारा हिवाळ्याशिवाय मिळत नाही, आणि कोवळी ज्वारी विषारी ठरू शकते म्हणून ती देत नाही. अशा वेळी वाळलेली लसूणघास (ल्युसर्न चारा) भुशात मिसळून, चंदी कमी करत, किती दिवसांत बदल करावा? लसूणघासेतील कॅल्शियम आम्लाला आवर घालते असे वाचले आहे, पण प्रत्यक्ष गुण आल्याचे कोणी पाहिले आहे का?

दुसरे असे की महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोड्याच्या जठराची दुर्बिणीने तपासणी होते का, आणि त्यासाठी घोडी किती वेळ उपाशी ठेवावी लागते, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे. पोटशूळाची लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ बोलावतोच, त्यामुळे घरगुती काढ्यांऐवजी चारा आणि तपासणीबद्दलचे अनुभव हवे आहेत.