डबलसीट लांबचा प्रवास: बॅगा नेमक्या कुठे बांधाव्यात?

सातारा_डबलसीट
सातारा ते गणपतीपुळे, उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटाने जायचंय. गाडी १५० सीसी, दोन्ही बाजूंना कापडी सॅडलबॅगा, मागे प्लेटवर टॉपबॉक्स. बॅगांमुळे बायकोच्या मांड्या फाकतात, पाय फुटरेस्टवर नीट टेकत नाहीत, बॉक्स पाठीला टोचतो. सगळं मागे सरकवलं तर हँडल हलकं लागतं. काय करावं?

पाना_१०_१२
दादा, आधी बॅगा आणि उरलेल्या जागेत वहिनी, असं झालंय. उलटं करा. दोघंही गाडीवर बसा, वहिनींचे पाय फुटरेस्टवर. तिसऱ्या माणसाकडून मांडीची मागची कड आणि पाठ कुठे येते तिथे सीटवर खडूची खूण करून घ्या. सॅडलबॅगेची पुढची कड मांडीच्या खुणेच्या मागेच राहायला हवी. बॅगा जोडणारा पट्टा सीटवरून गेला तर बक्कल तासाभरात टोचायला लागतं. सीट निघत असेल तर पट्टा सीटखालून घ्या, फक्त वायरिंग दाबलं जात नाही आणि सीटचं लॉक पूर्ण बसतंय हे बघा.

हँडल हलकं होतं कारण मागच्या चाकाच्या आसाच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं पुढचं चाक उचलायला बघतं. म्हणून बॉक्स मागे सरकवायचाच असेल तर आधी रिकामा करा. प्लेटला लांबट भोकं असतील तर चारही बोल्ट सैल करून पाठ आणि बॉक्समध्ये तीन-चार बोटं जागा मिळेल एवढाच सरकवा. त्यात रेनकोट, टॉवेल, चादर एवढंच. प्लेटवर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं, बहुतेक ३ ते ५. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, चार्जर सॅडलबॅगेत तळाशी आणि पुढच्या टोकाला, दोन्हीकडे सारखं वजन. घरच्या काट्यावर तोलून घ्या, अंदाज चुकतो.

घाट_उतार
वरचं बरोबर, पण उजव्या बाजूकडे जास्त लक्ष द्या. डावीकडे साडीगार्ड बॅगेला चाकापासून लांब ठेवतो, उजवीकडे तो नसतो आणि खाली तापलेला सायलेन्सर. दोघं बसल्यावर शॉकअप दबतो, चाक वर येतं आणि रिकाम्या गाडीवर सुरक्षित दिसणारी बॅग टायरला घासते. उजवीकडे लोखंडी सपोर्ट लावून घ्या, कुठलाही वेल्डिंगवाला करून देईल. पट्ट्याची मोकळी टोकं दुमडून रबराने बांधा, चाकात गेली तर चाक जाम होतं.

शॉकअप पाच खाचांचा असेल तर दोन खाचा कडक करा, डावा-उजवा सारखा. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर डबलसीटची हवा वेगळी दिलेली असते, तेवढी गार टायरमध्ये भरा. हेडलाइट खाली घ्या, मागे वजन आलं की उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

सातारा_डबलसीट
हँडलसाठी टँकबॅग घेतली तर?

पाना_१०_१२
उत्तम, बॉक्समधलं जड ते सगळं तिथे येतं. पण चुंबकवाली घेण्याआधी टाकीवर साधं चुंबक लावून बघा, प्लॅस्टिकच्या कव्हरवर ते धरत नाही. बॅग भरून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, हॉर्नचं बटण दबायला नको.

घाट_उतार
कुंभार्ली तुम्ही उतरणार आहात. ब्रेक लागला की मागचं माणूस पुढे घसरतं. हाताला मागची दांडी मोकळी हवी, त्यामुळे दांडीला हूक अडकवू नका. आदल्या दिवशी सगळं बांधून यवतेश्वर घाट चढून-उतरून या, आणि खाली आल्यावर पट्टे हाताने ओढून बघा. नवे पट्टे पहिल्या १५-२० किलोमीटरमध्येच सैल पडतात.