साम्य-अहवालात २३ टक्के : दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

महालकर_इतिहास
पीएचडीचा प्रबंध मराठीत आहे, विषय दीक्षाभूमीचा इतिहास. विद्यापीठात जमा करण्याआधी सॉफ्टवेअरवर वाङ्मयचौर्याची तपासणी केली तर इतर लेखनाशी २३ टक्के साम्य निघालं. शेवटी ग्रंथसूची दिलेली आहे, तरी एवढं कसं? शब्द बदलून आकडा खाली आणला की भागेल का? आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींनाही तळटीप लागते का?

धंतोली_ग्रंथालय
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारित प्रबंध द्यावा लागतो, त्याला जास्तीत जास्त ६ महिने. ४० ते ६० ला वर्षभर थांबा, ६० च्या वर नोंदणीच रद्द. मात्र अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, ग्रंथसूची आणि संदर्भ दिलेली अवतरणं या टक्क्यांत धरायची नसतात; सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही नाही. मराठी ग्रंथसूची सॉफ्टवेअर आपणहून ओळखेलच असं नाही, तेव्हा ग्रंथपालांना ती वगळून अहवाल पुन्हा काढायला सांगा. टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोड करून घ्या. नाहीतर अक्षरंच वाचली जात नाहीत आणि आकडा उगाच कमी दिसतो.

तळटीप_तपासनीस
शब्द बदलून भागत नाही, भाऊ. समजा मूळ वाक्य असं आहे : "दीक्षा समारंभानंतर नागपूरच्या वस्त्यांतील सणांचे स्वरूप झपाट्याने पालटले." तुम्ही लिहिलं : "दीक्षेच्या सोहळ्यानंतर नागपुरातल्या मोहल्ल्यांमधल्या सणांचं रूप वेगाने बदललं." मशीन कदाचित सोडून देईल, परीक्षक सोडणार नाही. निरीक्षण दुसऱ्याचं, वाक्याचा सांगाडाही त्याचाच, नाव मात्र कुठेच नाही. एकतर जसंच्या तसं अवतरणचिन्हात द्या, पृष्ठ क्रमांकासकट. नाहीतर पुस्तक मिटून स्वतःच्या मांडणीत लिहा, आणि तरीही तळटीप द्या. इंग्रजी उतारा मराठीत आणला तरी तेच, वर 'अनुवाद माझा' ही नोंद. ग्रंथसूचीतून काय काय वाचलं ते कळतं, कुठलं विधान कुणाचं ते कळत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, याला संदर्भ कशाला? पण त्या दिवशी किती लोकांनी दीक्षा घेतली हे लिहिलंत तर हवाच. साधनागणिक आकडा बदलतो.

महालकर_इतिहास
आणि तळटीपेत 'तत्रैव' (लगेच आधीच्याच ग्रंथात), 'उ. नि.' (वर उल्लेखलेला ग्रंथ) कुठे वापरायचं? जुन्या वर्तमानपत्रांतले उतारे मी दुसऱ्यांच्या ग्रंथांतून घेतलेत.

धंतोली_ग्रंथालय
शेवटचा खर्डा होईपर्यंत 'तत्रैव' लिहूच नका. मध्ये एक नवी तळटीप घुसली की ते भलत्याच ग्रंथावर जाऊन बसतं. तोवर दर वेळी लेखक, ग्रंथ, पृष्ठ पूर्ण लिहा. वर्तमानपत्राचा मूळ अंक पाहिला नसेल तर अंकाची तारीख देऊन पुढे 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत, पृ. …' असं लिहायचं. थेट अंकाचाच हवाला दिला आणि त्या ग्रंथात तारीख चुकलेली असली, तर ती चूक तुमच्या नावावर लागते.