हे नस दबल्याचं वाटत नाही

भाऊ, ट्रॅक्टर मेकॅनिक साळ्याची करंगळी अन् अनामिका गार, निळसर पडते, गावात ‘नस दबली’ म्हणून मालिश सुरू आहे, असं तुम्ही लिहिलं. मालिश आधी थांबवा. पाना तळहातानं ठोकायची सवय असेल तर करंगळीकडच्या तळव्याच्या बुडाशी अल्नर धमनी (हाताला रक्त देणारी, करंगळीच्या बाजूची) आकड्यासारख्या हाडावर चेचली जाते. तिथं रक्ताची गुठळी होते किंवा धमनीला फुगा येतो, गुठळीचे कण सुटून बोटांत अडकतात. डॉपलर (रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. फुगा असेल तर तेवढा तुकडा कापून शरीरातलीच शीर जोडतात. दुसऱ्या धमनीवर हाताचं भागत असेल तर कधी ही बिघडलेली धमनी नुसती बांधूनही टाकतात. यवतमाळकडून नागपूरच गाठा, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) नाहीतर हँड सर्जन. अन् खर्रा-बिडी बंद! (हे बायकोकडून सांगा, तिचंच ऐकंल.)