उत्तरायणच्या दोन रात्री: फ्रीरेन बघावी की दुसरं काही?

रावपुरा_बडोदा
१४-१५ जानेवारीला दिवसभर सगळे अगाशीवर असणार, पण रात्री मोकळ्या आहेत. बघणारे तिघे: मी, बहीण आणि १३ वर्षांचा मावसभाऊ. यादीत फ्रीरेन, द अपोथेकरी डायरीज, दांदादान आणि डिलिशस इन डंजन या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका आहेत. अलीकडे पाहिलेल्यांनी मत सांगा. शिवाय आमच्या टीव्हीवर ॲनिमे तेलकट, घसरल्यासारखं दिसतं. मोबाइलवर मात्र तेच छान दिसतं. असं का?

चित्रवही
आधी टीव्ही नीट करा. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी ॲनिमेत एक चित्र सहसा दोन किंवा तीन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. मारामारीत चित्रकार चित्रं वाढवतो, बोलण्यात कमी करतो. हा ठेका त्याने ठरवलेला असतो. टीव्ही मधल्या जागी स्वतःची चित्रं घुसवतो, मग ठेका जातो आणि हलत्या हाताच्या कडा विरघळतात. चित्राच्या सेटिंगमध्ये एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'पिक्चर क्लॅरिटी' शोधून बंद करा. शार्पनेसही उतरवा, नाहीतर काळ्या रेषेला पांढरी किनार येते. बऱ्याच टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वेगळं असतं, त्यामुळे एकीकडे बंद केलं की सगळीकडे झालं असं धरू नका.

माओमाओ_पंखा
दांदादानचा पहिला भाग १३ वर्षांच्या मुलासोबत लावू नका. परग्रहवासी नायिकेला पकडतात तो प्रसंग फारच अवघड आहे. सायन्स सारू या स्टुडिओचं रंगकाम अफाट आहे, पण ती मालिका तुम्ही दोघींनी नंतर बघा.

अपोथेकरी माझी सगळ्यात आवडती. पहिल्याच भागात राजवाड्यातली बाळं का दगावतात याचं उत्तर शिशाच्या पांढऱ्या पावडरीत सापडतं, आणि नायिका माओमाओ ते लक्षणांवरून ओळखते. पण कथा जनानखान्यात आणि गणिकांच्या वस्तीत घडते. भाऊ प्रश्न विचारेल, तेव्हा उत्तरं तयार ठेवा.

एक आग्रह: जपानी आवाजातच बघा. क्रियापद शेवटी, नकारही शेवटी, अगदी आपल्यासारखं. इंग्रजी सबटायटल 'नाही' आधीच सांगून टाकतं आणि पात्र ते वाक्याच्या टोकाला म्हणतं. दोन-तीन भागांत मराठी कानाला ती वाट सापडते. वाक्याअखेरचा 'ने' बऱ्याचदा आपला 'ना'च असतो. 'देस', 'मास' ऐकू आलं की बोलणारा अदबीने बोलतोय. माओमाओ राजवाड्यातला अधिकारी जिन्शी याच्याशी असं बोलते आणि मनात मात्र सरळ रोखठोक. इंग्रजीच्या 'यू'मध्ये आपलं तू, तुम्ही, आपण सगळं बुडतं.

सयाजीबाग
माझं मत फ्रीरेन, आणि ठामपणे. मॅडहाउस स्टुडिओचा पहिला सीझन २८ भागांचा. दर भागाचे २४ मिनिटं धरून सुरुवातीची आणि शेवटची गाणी (दीड-दीड मिनिट) वगळली तरी ९ तास ४८ मिनिटं होतात. दोन रात्रींत संपवायचा हट्ट करू नका.

पहिले चार भाग एका बैठकीत बघा. जपानमध्ये २९ सप्टेंबर २०२३ ला ते तसेच, दोन तासांच्या खास प्रसारणात दाखवले होते. एकेक करून बघणारे पहिल्या भागानंतर 'काही घडतच नाही' म्हणून सोडून देतात. राक्षसराजाचा पराभव कथेच्या आधीच झालेला असतो. पहिल्याच भागात ५० वर्षं उलटतात, तिचा जुना साथीदार, वीर हिम्मेल म्हातारा होऊन मरतो, आणि फ्रीरेनला (ती एल्फ, म्हणजे हजारो वर्षं जगणाऱ्या जमातीतली) तेव्हा कळतं की १० वर्षं सोबत राहूनही तिने त्याला ओळखलं नव्हतं. हे दुःख मुरायला चार भाग लागतात.

दुसऱ्या रात्री ५ ते १०. आउरा या राक्षसीचं प्रकरण दहाव्यात पूर्ण होतं, तिथे थांबलं तर लटकल्यासारखं वाटत नाही. १८ पासून २८ पर्यंत जादूगारांची परीक्षा आहे, ती मात्र सलग बघण्यासारखी. तिथे पात्रं इतकी येतात की आठवड्याच्या अंतराने नावं विसरतात.

रावपुरा_बडोदा
ट्रूमोशन बंद केलं, चित्र लगेच सुधारलं. मग डिलिशस इन डंजन का नको? भावाला जेवणाच्या गोष्टी आवडतात.

सयाजीबाग
नको असं नाही, ती भावासाठी उत्तम आहे. भुयारातले राक्षसी प्राणी शिजवून खाण्याची ही गोष्ट; विंचू आणि चालत्या मशरूमच्या रश्शापासून सुरुवात होते, आणि त्यातला सेन्शी काय कापायचं, काय टाकून द्यायचं हे खऱ्या स्वयंपाक्यासारखं सांगतो. पण २४ भागांनंतरही कथा अर्ध्यावरच राहते आणि उत्तरार्ध बराच गडद होत जातो. आधी फ्रीरेनचे दहा भाग होऊ द्या, ही पुढच्या रविवारी लावा.